नाळ कापण्याआधी एक मिनिट

आपलं मूळ गाव सांगताना जुनी माणसं ‘माझी नाळ तिथं पुरलीय’ असं म्हणत. ते नुसतं बोलणं नव्हतं. बाळंतपण घरात होई, सुईण नाळ कापी आणि नाळ-वार परसदारी खड्डा घेऊन पुरली जाई. आपल्या शेजारच्या कानडी घरांत नाळेला ‘होक्कुळबळ्ळी’ म्हणतात, म्हणजे बेंबीचा वेल. बाळ आलं की या वेलाचं काम संपलं, असंच सगळे समजत.

आता मात्र नाळेला भाव आला आहे. डोहाळेजेवण आटोपतं न आटोपतं तोच दवाखान्यातल्या बाकावर एक गुळगुळीत माहितीपत्रक हाती पडतं. त्यावर गोंडस बाळाचं चित्र असतं आणि खाली मजकूर असतो, की नाळेतल्या रक्तात स्टेम सेल असतात, त्या गोठवून ठेवा, पुढं बाळाला काही मोठं दुखणं आलं तर हेच रक्त उपयोगी पडेल. दुखण्यांची यादी लांबलचक असते आणि खर्च काही दहा हजारांपासून लाखाच्या घरात जातो. हप्त्यांचीही सोय असते. मग घरात चर्चा सुरू होते. सासूबाईंना प्रश्न पडतो, की नाळ बँकेत कशी काय ठेवतात? मुलगा हप्त्यांचा हिशेब करतो. आणि जिला दिवस गेलेले असतात ती मनातल्या मनात म्हणते, ‘पैशापायी नाही म्हटलं आणि उद्या खरंच काही झालं तर?’

या सदराच्या वाचक भगिनींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. म्हणून आज या स्टेम सेलची, म्हणजेच मूळपेशींची, गोष्ट अगदी मुळापासून पाहू.

विरजणाची गोष्ट

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींची कामं ठरलेली असतात. रक्तातली तांबडी पेशी प्राणवायू वाहून नेते आणि साधारण १२० दिवसांनी मरते. रोज अशा अब्जावधी पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. या नव्या पेशी येतात कुठून? हाडांच्या आतल्या मगजात काही थोड्या पेशी अशा असतात की ज्यांच्यावर अजून कोणत्याच कामाचा शिक्का बसलेला नसतो. त्या मूळपेशी.

घरातल्या विरजणाची आठवण करा. आजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढायचं आणि उद्याच्या दुधाला लावायचं. दही रोज संपतं, पण विरजण चालूच राहतं. मूळपेशी तेच करते. ती स्वतःसारखी दुसरी पेशी बनवून आपला वंश टिकवते आणि त्याच वेळी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका असा सगळा माल तयार करते. रक्ताच्या अशा पेशी खरोखर असतात याचा पहिला ठोस पुरावा कॅनडातल्या टोरांटो शहरात जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिला.

गर्भातलं बिऱ्हाड

या पेशी बाळाच्या हाडांत पहिल्यापासून नसतात. सुरुवातीला हाडंच कुठं असतात? गर्भ तिसऱ्या आठवड्यात असतो तेव्हा रक्ताच्या पहिल्या पेशी गर्भाबाहेरच्या एका छोट्या पिशवीत तयार होतात. ती तात्पुरती सोय. पुढं चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीतून जन्मभर पुरणाऱ्या मूळपेशी जन्म घेतात. कित्येकदा आईला आपल्याला दिवस गेल्याचं नीटसं कळलेलंही नसतं, तेव्हाची ही घडामोड आहे!

तिथून या पेशी गर्भाच्या यकृतात मुक्काम करतात. पोटातलं बाळ चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत रक्त बनवण्याचा मुख्य कारखाना यकृत हाच असतो. तिथं त्यांची संख्या भराभर वाढते. साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून हाडं आकार घेऊ लागली की त्यांच्या मगजात जागा होते आणि या पेशी यकृतातलं बिऱ्हाड हलवून तिकडं जायला लागतात. हे स्थलांतर जन्मापर्यंत चालूच असतं. म्हणूनच बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या रक्तात या प्रवासी पेशी मोठ्या संख्येनं फिरत असतात. नाळ आणि वार हा त्याच रक्ताच्या वाटेचा भाग, म्हणून त्या रक्तातही त्या सापडतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्या मगजात स्थिरावतात आणि फिरत्या पेशींची संख्या झपाट्यानं कमी होते.

नाळेतल्या रक्ताचं महत्त्व आहे ते एवढ्यासाठी. या पेशी ताज्या, जोमदार असतात आणि दुसऱ्याच्या शरीरात गेल्या तरी मोठ्या माणसाच्या मगजातल्या पेशींइतकी भांडणं करत नाहीत.

पॅरिसचा तो मुलगा

याचा उपयोग रोग्यासाठी पहिल्यांदा झाला तो ऑक्टोबर १९८८ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात. अमेरिकेतल्या एका पाच वर्षांच्या मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया हा आनुवंशिक आजार होता. त्यात मगज हळूहळू रक्त बनवणं सोडून देतो. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तपासण्या केल्या. पोटातल्या मुलीला तो आजार नव्हता आणि तिच्या पेशी भावाशी जुळत होत्या. ती जन्मली तेव्हा अमेरिकेत तिच्या नाळेचं रक्त गोळा करून गोठवलं गेलं, ते विमानानं पॅरिसला नेलं आणि डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या पथकानं ते भावाच्या शरीरात सोडलं. तो मुलगा बरा झाला, मोठा झाला. बहिणीनं भावाला ओवाळणी घालावी तशी ही जन्मतःच घातलेली ओवाळणी म्हणा ना!

त्यानंतर जगभरात नाळेच्या रक्ताची चाळीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, रोगप्रतिकारशक्तीच नसलेली बाळं अशा आजारांत त्यानं माणसं वाचवली आहेत. हे सगळं खरं आहे, आणि माहितीपत्रकात ते ठळक छापलेलं असतं.

पण एक गोष्ट नीट पाहा. त्या मुलाला जे रक्त उपयोगी पडलं ते त्याचं स्वतःचं नव्हतं, बहिणीचं होतं.

स्वतःचं रक्त स्वतःला?

मुख्य अडचण इथं आहे. आपल्या बाळाचं रक्त आपल्याच बाळासाठी जपायचं, ही कल्पना ऐकायला बिनतोड वाटते. परंतु थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात दोष जन्मतः प्रत्येक पेशीत असतो. मग नाळेतल्या मूळपेशींतही तोच दोष असणार. नासक्या विरजणाचं दही नासकंच लागायचं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही अनेकदा आजाराची सुरुवात जन्माआधीच झालेली असते आणि तशा पेशी नाळेच्या रक्तात असू शकतात. शिवाय नाळेतून मिळणारं रक्त साधारण कपभर किंवा त्याहूनही कमी. लहान मुलाला ते पुरतं, वाढलेल्या माणसाला बऱ्याचदा पुरत नाही.

म्हणूनच साठवलेलं रक्त त्याच मुलाला पुढं खरोखर लागण्याची शक्यता फार कमी आहे. तज्ज्ञांचे अंदाज अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक असे आहेत. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की ‘आरोग्याचा विमा’ म्हणून खासगी बँकेत हे रक्त ठेवण्याची शिफारस करता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही याच बाजूच्या आहेत. त्या सूचनांनुसार परवाना घेऊन फक्त नाळेचं रक्त साठवता येतं. नाळेचा तुकडा, वार, दुधाचे दात असं काही साठवण्याचा धंदा करायला परवानगी नाही.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. घरात आधीच एखादं मूल थॅलेसेमियानं किंवा मूळपेशींच्या प्रत्यारोपणानं बऱ्या होणाऱ्या दुसऱ्या आजारानं पीडित असेल आणि आईला पुन्हा दिवस गेले असतील, तर धाकट्याच्या नाळेचं रक्त जपणं शहाणपणाचं ठरू शकतं. सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अशा घरानं जाहिरात पाहून ठरवू नये. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांशी बाळंतपणाच्या पुष्कळ आधी बोलावं. थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून २०१७ मध्ये ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ सुरू झाली आणि तीत दहा लाखांपर्यंत मदत ठेवली आहे. त्याची चौकशीही करावी.

आशेचा बाजार

माहितीपत्रकातल्या यादीत आणखी काही नावं असतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मधुमेह, पाठीच्या कण्याची इजा. ज्या घरात असं लेकरू आहे, तिथल्या आईबापांची अवस्था आपण जाणतो. कुणी सांगितलं अमक्या शहरात स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, मूल चालायला लागतं, की दागिने मोडून, प्रसंगी शेत गहाण टाकून ते निघतात. त्यांना वेडं म्हणू नका. आपल्यावर वेळ आली असती तर आपणही निघालो असतो.

पण म्हणूनच खरं काय ते त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सूचनांनुसार रक्ताच्या आणि त्याच्याशी निगडित ठरावीक आजारांखेरीज कोणत्याही दुखण्यावर मूळपेशी हा मान्य उपचार नाही. बाकी सगळं संशोधन आहे. ते परवानगीनं, नोंदणी करून चाललेल्या चाचणीतच व्हायला हवं आणि अशा चाचणीत उपचाराचे पैसे रोग्याकडून घ्यायचे नसतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं ऑटिझमच्या १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची रीतसर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. जी सुधारणा दिसावी म्हणून चाचणी आखली होती, ती एकंदर गटात दिसली नाही.

‘फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना?’ असंही काहीजण म्हणतात. त्यांच्यासाठी एक खरी घटना सांगतो. इस्रायलमधल्या एका मुलाला तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार होता. तो नऊ वर्षांचा असल्यापासून पालकांनी त्याला तीनदा मॉस्कोला नेलं. तिथं गर्भपातातून मिळालेल्या गर्भांच्या मेंदूतल्या मूळपेशी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूभोवती सोडल्या. तेराव्या वर्षी त्याचं डोकं दुखू लागलं. तपासणीत मेंदूत आणि पाठीच्या कण्यात गाठी दिसल्या. कण्यातली गाठ शस्त्रक्रिया करून काढली आणि तपासली, तेव्हा कळलं की त्या गाठीच्या पेशी त्या मुलाच्या नव्हत्याच! त्या निदान दोन वेगळ्या गर्भांच्या होत्या. २००९ मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

गर्भात याच पेशी किती शहाण्यासारख्या वागतात. कुठं जायचं, किती वाढायचं, कधी थांबायचं, हे त्यांना आजूबाजूच्या पेशी सांगत असतात. तेच शेजारी, तीच वेळ नसेल तर त्या काय करतील याची खात्री देता येत नाही. इंजेक्शन देणाऱ्याला हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी मागावं.

हे रक्त कुणाचं?

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. नाळेतलं रक्त ‘टाकाऊ’ असतं, नाहीतरी फेकूनच देतात, मग साठवलं तर काय बिघडलं, असं सांगितलं जातं. पण ते रक्त बाळाचं असतं. जन्माच्या क्षणी बाळाचं बरंचसं रक्त अजून वारेत आणि नाळेत असतं. नाळ लगेच चिमटा लावून कापली नाही, तर ते रक्त आपोआप बाळाकडं वाहत राहतं. पहिल्या मिनिटात साधारण ८० मिलिलिटर, तीन मिनिटांत १०० मिलिलिटरपर्यंत. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त पाव लिटरच्या आसपास असतं. त्यापुढं हा ठेवा केवढा मोठा, ते बघा!

त्या रक्तासोबत पुढचे काही महिने पुरेल इतकं लोह बाळाला मिळतं, आणि त्या प्रवासी मूळपेशीही मिळतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, की नाळ कापायला निदान एक मिनिट थांबावं, एक ते तीन मिनिटांच्या दरम्यान कापावी. आपल्याकडच्या सरकारी प्रसूतिगृहांसाठीच्या सूचनांतही हेच आहे. बाळ गुदमरलं असेल, त्याला तातडीनं श्वास द्यायचा असेल, तर गोष्ट वेगळी. तो निर्णय डॉक्टरांचा. थांबल्यामुळं काही बाळांना थोडी जास्त कावीळ दिसू शकते, त्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. पण फायदा मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० पैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दोन लाखांत एकाला लागेल न लागेल अशा आजारासाठी आपण हजारो रुपये मोजायला तयार होतो, आणि तीन मुलांतल्या दोघांना असलेल्या कमतरतेवरचा हा फुकटचा उपाय घाईत वाया जातो.

पिशवी भरण्यासाठी जास्त रक्त हवं असेल तर नाळ लवकर कापण्याचा मोह होतो. थांबलं तर पिशवीत कमी येतं. हा हिशेब माहितीपत्रकात सहसा नसतो. बाळाचं रक्त बाळाच्याच अंगात ठेवणं, ही पहिली आणि सगळ्यांत भरवशाची बँक आहे. तिला ना हप्ता, ना करारनामा.

तुटूनही उरतं ते

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. नाळेतून देवाणघेवाण एकाच बाजूनं होत नाही. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तातही जातात. अमेरिकेतल्या डॉ. डायना बियांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की मुलगा झालेल्या बाईच्या रक्तात त्या मुलाच्या पेशी बाळंतपणानंतर तब्बल २७ वर्षांनीही सापडतात. २०१२ मध्ये ५९ मृत स्त्रियांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६३ टक्के मेंदूंत पुरुषाच्या पेशींची खूण मिळाली, आणि ती बहुधा पोटात वाढवलेल्या मुलग्यांकडून आली असावी असं संशोधकांनी म्हटलं. मुलींच्या पेशीही अशाच जात असणार, पण आईच्या पेशींतून त्या वेगळ्या ओळखणं अवघड. या पेशी आईच्या अंगात भलं करतात की त्रास देतात, यावर अजून वाद आहे. पण लेकरू आईच्या काळजाचा तुकडा, असं आपण म्हणत आलो, त्यात बरंच तथ्य निघालं म्हणायचं!

तर मग काय करावं?

पहिलं, बाळंतपणाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, ‘नाळ कापायला मिनिटभर तरी थांबाल ना?’ बाळंतिणीला त्या वेळी विचारायचं भान नसतं. तिच्या आईनं किंवा नवऱ्यानं ही जबाबदारी घ्यावी.

दुसरं, घरात रक्ताचा आनुवंशिक आजार नसेल, तर नाळेचं रक्त साठवलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बाळाचं काही हिरावून घेतलेलं नाही. पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवाईची वाट पाहणारी आपण माणसं. बाळाच्या नशिबात काय लिहिलंय ही धास्ती जुनीच आहे. त्या धास्तीवर कुणी दरपत्रक लावलं तर सावध व्हावं.

तिसरं, तरीही साठवायचं ठरलं, तर काही प्रश्न विचारा. परवाना दाखवा. आजवर किती पिशव्या प्रत्यक्ष उपचारासाठी दिल्या आणि त्यातल्या स्वतःच्याच मुलासाठी किती? हल्ली काही कंपन्या सगळ्या सभासदांचा साठा एकमेकांना खुला असल्याचं सांगतात. त्यांनाही हेच विचारा. कंपनी बंद पडली तर पिशवीचं काय होणार, हे करारात कुठं लिहिलंय? विक्रेता गडबडला तर उत्तर मिळालं असं समजा.

आणि चौथं तरुण वाचकांसाठी. मूळपेशी दान करायला नाळच लागते असं नाही. ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थेकडं गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देऊन नाव नोंदवता येतं. कधी कुणाशी जुळलं, तर बहुतेक वेळा हातातल्या शिरेतून रक्त घेऊन पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेलं रक्त परत देतात. कुणाचं तरी लेकरू त्यामुळं वाचू शकतं.

थॅलेसेमियाचा उल्लेख वर आलाच आहे. लग्नाआधी दोघांनीही करून घ्यायची त्याची साधी रक्ततपासणी पत्रिका जुळवण्यापेक्षा महत्त्वाची का, याविषयी पुढच्या आठवड्यात बोलू.